ताण विद्यार्थ्यांचा, वेळापत्रक कोणाचे?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. प्रकरण विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे होते. मात्र न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने दिलेला आदेश सगळ्याच शिक्षणसंस्थांना लागू आहे. त्यात शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, वसतिगृहे आणि कोचिंग क्लास सगळे आले. या विषयावर कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. विद्यार्थी त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था लावून ठेवायची. गुणांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे, हेल्पलाइनचे क्रमांक सहज दिसतील असे लावायचे.

पनवेलसारख्या गावात या आदेशाला काय अर्थ येतो, ते पाहण्यासारखे आहे. गाव म्हणायचे ते सवयीने. २०१६ मध्ये महापालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल तिच्या हद्दीत आले. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय, नवीन पनवेलचे चांगू काना ठाकूर महाविद्यालय, पिल्लई अभियांत्रिकी, कामोठ्याचे एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय, खारघरमधली भारती विद्यापीठाची महाविद्यालये आणि 'निफ्ट', द्रुतगती मार्गालगत भाताणला अॅमिटी विद्यापीठ, अशी ही यादी बरीच लांबते. पेण, खालापूर, उरण, कर्जतकडची मुले इथे शिकायला येतात आणि इथली मुले हार्बरने मुंबईला जातात. कुठल्याही सत्राच्या अखेरीस यांतल्या कोणत्याही कॅन्टीनमध्ये बसा, कानावर पडणारे शब्द तेच असतात : सबमिशन, व्हायवा, डिफॉल्टर लिस्ट, केटी.

याच दिवसांत कुठे ना कुठे 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर व्याख्यान असते. पाहुणे येतात, दीर्घ श्वास घ्यायला लावतात, मोबाइल कमी वापरा म्हणतात, शेवटी आभारप्रदर्शन आणि फोटो. व्याख्यान वाईट नसते. पण त्यातून असा समज पसरतो की ताण ही विद्यार्थ्याच्या मनातली गोष्ट आहे आणि ती त्याने आपल्या मनातच आवरायची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले संशोधन वाचले तर चित्र बरेच वेगळे दिसते. गुणांवर परिणाम करणाऱ्या ताणाचा मोठा भाग वेळेशी बांधलेला आहे : झोपेची वेळ, प्रवासाची वेळ, अभ्यास कधी आणि कसा केला ती वेळ, निकाल कधी लागणार ती वेळ. आणि वेळेचा बराचसा ताबा विद्यार्थ्याकडे नसून संस्थेकडे असतो.

आधी ताण आणि गुण यांचा संबंध नेमका काय, ते पाहू. महाविद्यालयांतून होणाऱ्या पाहण्यांत बहुधा एकच प्रश्नावली वापरलेली दिसते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती तयार केली. तिच्या प्रचलित आवृत्तीत दहा प्रश्न आहेत. गेल्या महिनाभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखे किती वेळा वाटले, अशा धर्तीचे. उत्तरांवरून ० ते ४० दरम्यान गुण मिळतात. हे रोगनिदान नव्हे, माणसाला स्वतःला किती ताण जाणवतो याचे ते मोजमाप आहे. अशा पाहणीत ताणाचा आकडा जास्त आणि परीक्षेतले गुण कमी अशी जोडी सापडली, की लगेच 'ताणामुळे गुण घटतात' असा निष्कर्ष काढला जातो. उलटेही असू शकते. गुण कमी पडले म्हणून ताण आला असेल. किंवा घरची ओढाताण दोन्हींच्या मुळाशी असेल. एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून यातले खरे कोणते हे ठरत नाही. त्यासाठी प्रयोग करावे लागतात आणि ते झालेले आहेत.

सर्वांत जुना प्रयोग १९०८ सालचा. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवले. चूक झाली की विजेचा सौम्य झटका. दोन पेट्यांतला फरक ठळक होता तेव्हा झटका जितका जोराचा तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखायला कठीण केला, तेव्हा मात्र मध्यम झटक्याने ते उत्तम शिकले आणि जोराच्या झटक्याने मागे पडले. 'थोडा ताण हवाच' हे वाक्य व्याख्यानांतून येते ते इथूनच. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही : काम जितके अवघड तितका सोसवणारा ताण कमी. व्याख्या पाठ करून लिहायच्या असतील तर धाकाने काम भागेल. अनोळखी गणित सोडवायचे असेल तर तोच धाक आड येतो.

तो आड कसा येतो, हे १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. डोमिनिक डी क्वेरव्हेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्याखाली लपलेला चौथरा कुठे आहे हे शिकवले. दुसऱ्या दिवशी चाचणीआधी झटका दिला. झटका चाचणीच्या दोन मिनिटे आधी दिला तर उंदरांना जागा बरोबर आठवली. चार तास आधी दिला तरीही आठवली. तीस मिनिटे आधी दिला तर मात्र ते गोंधळले. कारण ताणाची संप्रेरके रक्तात चढायला काही मिनिटे लागतात आणि ती चढलेली असतात तेव्हा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा आठवणी शोधून काढणारा भाग नीट काम करत नाही. ही संप्रेरके तयार होणेच औषधाने रोखले तेव्हा उंदरांचे विस्मरणही टळले. माणसांमध्ये हे काम मुख्यतः कॉर्टिसॉल करते आणि माणसांवरच्या प्रयोगांतही असाच परिणाम दिसला आहे.

पेपर हातात पडल्यावर सगळे कोरे होते आणि परीक्षा आटोपून स्टेशनवर पोहोचेपर्यंत उत्तर लख्ख आठवते, हा अनुभव अनेकांचा आहे. तेव्हा आठवण पुसली गेलेली नसते. फक्त त्या अर्ध्या-पाऊण तासात तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. घरी 'अभ्यासच केला नसशील' असे ऐकावे लागणाऱ्या मुलांसाठी एवढी माहितीसुद्धा दिलासा देणारी आहे.

हा झाला परीक्षेच्या दालनातला ताण. त्याहून लांबणारा आणि जास्त झिजवणारा ताण अनिश्चिततेचा असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावरचा दगड उचलायचा. खाली साप निघाला तर हाताला दुखेल असा झटका. साप निघण्याची शक्यता सतत बदलत ठेवली. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या आणि खेळणाऱ्यांचे स्वतःचे म्हणणे, या तिन्ही मोजमापांत ताण सर्वाधिक केव्हा दिसला? झटका नक्की बसणार हे माहीत असताना नव्हे. बसेल की नाही हे निम्मेनिम्मे असताना. वाईट बातमी ठाऊक असणे हे 'काहीच ठाऊक नाही' यापेक्षा शरीराला सोपे जाते.

मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम आणली. पावणेपाचशेच्या आसपास परीक्षा, सतरा लाखांच्या घरात उत्तरपत्रिका. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती टळली. निकाल ऑगस्ट आणि सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. पदव्युत्तर प्रवेश, परदेशातले प्रवेश, हाती आलेल्या नोकऱ्या, सगळे लटकले. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. प्रशासकीय गोंधळ म्हणून या प्रकरणावर भरपूर लिहिले गेले. आरोग्याच्या नजरेने पाहिले तर लाखो तरुणांना एकाच वेळी, महिनोन्महिने, त्या सापाच्या दगडासमोर बसवून ठेवण्याचाच तो प्रकार होता. त्या महिन्यांत कुणी त्यांचा ताण मोजला असता तर आकडे डोळे उघडणारे निघाले असते. आणि त्यावर 'ताण व्यवस्थापना'चा कोणता उपाय सुचवणार होतो आपण? दीर्घ श्वास?

गंमत अशी की याचे उत्तर कायद्यात आधीच लिहिलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि काही झाले तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत तो लावायचा. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्यात झालेली ही सर्वांत नेमकी तरतूद म्हणता येईल. फक्त तिच्याकडे कुणी त्या दृष्टीने पाहत नाही.

केटीचेही तसेच. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देण्याची ही सवलत मूळची दयाळू आहे. वर्ष वाया जात नाही. पण राहिलेल्या विषयांचे पेपर चालू सत्राच्या परीक्षेच्या आगेमागे येतात, पुनर्मूल्यांकनाचा निकाल हाती येण्याआधीच केटीचा फॉर्म भरावा लागतो, आणि जो आधीच मागे आहे त्याच्याच वाट्याला त्या पंधरवड्यात सर्वांत जास्त पेपर येतात. त्यात ७५ टक्के हजेरीची अट. नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या एका सत्राला २० ते २२ श्रेयांक आहेत आणि थिअरीच्या एका श्रेयांकाला साधारण १५ तास. म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला वीस-बावीस तास वर्गात. प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकाला वेळ दुप्पट लागतो. शिवाय सत्रभर चालणारे अंतर्गत मूल्यमापन. एकाच मोठ्या परीक्षेवर सगळे अवलंबून नसावे हा विचार शास्त्राला धरून आहे. पण पाच-सहा विषयांच्या शिक्षकांनी एकमेकांना न विचारता आपापली चाचणी आणि प्रकल्प एकाच आठवड्यात ठेवले, तर मुलांना महिन्यातून एक लहान वार्षिक परीक्षा दिल्यासारखे होते. स्टाफरूममध्ये एक तक्ता लावून तारखा वाटून घेतल्या तर हे टळते. त्याला खर्च शून्य.

आता झोप. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या शंभर विद्यार्थ्यांना सत्रभर मनगटी पट्टे घालायला दिले होते. ८८ जणांची माहिती पूर्ण मिळाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुणांमधल्या फरकांपैकी जवळपास पाव भागाचे नाते झोपेशी जुळले. किती वेळ झोपले, झोप कशी लागली आणि रोजच्या झोपेत किती नियमितपणा होता, या तिन्हींशी. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री किती झोपले याचा गुणांशी संबंध दिसला नाही. त्याआधीचा आठवडा आणि महिना यांचा दिसला. झोपेमुळेच गुण वाढले असे हा अभ्यास सिद्ध करत नाही. नियमित झोपणारी मुले इतर बाबतींतही नियमित असू शकतात. तरी 'उद्या पेपर आहे, आज लवकर झोप' हा घरोघरचा सल्ला महिनाभर उशिरा दिलेला असतो, एवढे त्यातून निश्चित कळते.

पनवेलच्या मुलांसाठी झोपेचा हिशेब लोकलपासून सुरू होतो. पनवेल ते सीएसएमटी सुमारे ४९ किलोमीटर, धिमी गाडी, साधारण सव्वा तास ते दीड तास. दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात साडेसातचे लेक्चर गाठायचे तर पावणेसहाच्या आत गाडीत बसायला हवे. स्टेशनपर्यंतची रिक्षा धरली तर पावणेपाचला उठणे आले. रात्री बाराला डोळा लागला असेल तर झोप झाली पावणेपाच तास. उलट दिशेने येणाऱ्यांचे दुखणे निराळे. खेड्यातून येणाऱ्या मुलीची एक एसटी चुकली की पुढची केव्हा, त्यावर तिची हजेरी ठरते आणि हजेरीवर ती परीक्षेला बसणार की नाही ते. बारा-चौदा तास बाहेर काढून ती घरी येते तेव्हा पाण्याचा नाहीतर चुलीचा काहीतरी भाग तिची वाट पाहत असतो. मुलग्यांपैकी कित्येकजण कॉलेज सुटल्यावर मॉलमध्ये, दुकानात किंवा घरपोच सेवेत काम करतात. त्यांना 'वेळेचे नियोजन करा' सांगणे म्हणजे ज्याच्या खिशात शंभर रुपये आहेत त्याला गुंतवणुकीवर व्याख्यान देणे.

त्यात शरीराचे घड्याळही या वयात आड येते. किशोरवयात झोपेची नैसर्गिक वेळ पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास ती सर्वांत उशिरा असते आणि मग हळूहळू पुन्हा अलीकडे येते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही यात त्याचा आळस कमी आणि शरीरशास्त्र जास्त आहे. (मोबाइल अर्थातच या आगीत तेल ओततो; ते नाकारण्यात अर्थ नाही.) प्रौढांना किमान सात तास झोप हवी, असे निद्राविज्ञान सांगते. सकाळच्या सत्राची पहिली घंटा अर्धा-पाऊण तास पुढे नेणे अनेक ठिकाणी जागेअभावी कठीण आहे हे खरे. दोन पाळ्यांत चालणाऱ्या इमारतीत पहिली पाळी सरकली की दुसरीही सरकते. पण लांबून येणाऱ्यांची प्रात्यक्षिके सकाळच्या पहिल्या तासाला न ठेवणे किंवा आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा राहील अशी मांडणी करणे जमण्यासारखे आहे.

यानंतरची गोष्ट माझ्या मते सर्वांत उपयोगी, आणि ताणावरच्या व्याख्यानांत ती जवळजवळ कधीच ऐकू येत नाही. ती अभ्यासाच्या पद्धतीबद्दल आहे. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तर लिहून काढणारे बरेच पुढे गेले. म्हणजे वाचत राहिल्याने येते ती ओळख. ती त्या क्षणी पक्क्या ज्ञानासारखी वाटते आणि तिथेच फसगत होते.

याला ताणाची जोड २०१६ मध्ये मिळाली. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात एमी स्मिथ, व्हिक्टोरिया फ्लोर्के आणि अयाना थॉमस यांनी १२० जणांना शब्द आणि चित्रे पाठ करायला दिली. निम्म्यांनी ती वारंवार पाहिली, निम्म्यांनी न पाहता आठवण्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या काहींना परीक्षकांपुढे अचानक भाषण करायला आणि तोंडी गणिते सोडवायला लावून ताण आणला. कॉर्टिसॉल चढेपर्यंत थांबले आणि मग चाचणी घेतली. वारंवार पाहणाऱ्यांची स्मृती ताणाखाली घसरली. आठवण्याचा सराव केलेल्यांची घसरली नाही. 'सायन्स'मध्ये आलेल्या या निबंधाचा अर्थ साधा आहे : कॉर्टिसॉल आठवणीची वाट अडवते, पण ती वाट आधी अनेकदा तुडवलेली असेल तर सापडते. हा एकच प्रयोग आहे आणि शब्दांच्या याद्या म्हणजे काही टीवायचा पेपर नव्हे. तरी पुस्तक मिटून आठवण्याच्या सरावाचा फायदा स्वतंत्रपणे इतक्या वेळा दिसून आला आहे की तो करून पाहण्यात धोका काहीच नाही.

आपल्याकडे मात्र अभ्यास म्हणजे वाचन. गाईडमधल्या ओळींवर पिवळे पट्टे मारायचे, आयएमपी प्रश्न तीनदा वाचायचे, आदल्या रात्री पुन्हा एकदा 'नजर फिरवायची'. विद्यापीठाचे जुने पेपर झेरॉक्सच्या दुकानात सहज मिळतात, पण त्यांचा उपयोग कोणता प्रश्न येणार याचा अंदाज बांधायला होतो. तेच पेपर पुस्तक बंद करून, घड्याळ लावून सोडवले तर एकाच वेळी स्मरणाचाही सराव होतो आणि ताणाचाही. लोकलच्या दीड तासातसुद्धा हे जमते. चौथी सीट मिळाली असो वा दारात उभे असो, कालच्या तासाला काय झाले ते मनातल्या मनात पाच मुद्द्यांत आठवायचे आणि मगच वही उघडून ताडून पाहायचे. शिक्षकांनी तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न विचारले, गुण न देता आणि नापासाची भीती न घालता, तर साठ मुलांचा हा सराव पाच मिनिटांत होतो. पूर्वीच्या शाळांत मास्तर आदल्या दिवशीचे विचारत असत, त्यात तथ्य होते. छडीची गरज मात्र नव्हती.

मग ध्यान, श्वसन, योग, मनातले लिहून काढणे यांचे काय? इथे सरसकट वाहवा किंवा सरसकट टिंगल दोन्ही चुकीची ठरते. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगता-ध्यानाचा अभ्यासक्रम दिला, बाकीच्यांना नेहमीच्या सोयी. परीक्षेच्या काळात चिंताजनक मानता येईल इतकी अस्वस्थता दुसऱ्या गटात ५७ टक्क्यांना होती, ध्यान शिकलेल्यांत ३७ टक्क्यांना. हा फरक मोठा आहे. पण तो आठ आठवड्यांच्या शिकवणीचा, आणि स्वखुशीने आलेल्या विद्यार्थ्यांमधला. त्याउलट ब्रिटनमधल्या ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांना वर्गातच सजगता शिकवून पाहिली तेव्हा, २०२२ मधल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या पद्धतीपेक्षा काही अधिक फायदा दिसला नाही. परीक्षेआधी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढली की गुण वाढतात, या २०११ मधल्या प्रयोगाचा खूप गाजावाजा झाला होता. २०१८ मध्ये 'सायन्स' आणि 'नेचर'मधले एकवीस प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, त्यात जे टिकले नाहीत त्यांत हा एक होता. लिहून मन हलके होत असेल तर जरूर लिहावे; गुणांची हमी कुणी देऊ नये. आणि सभागृहातल्या एका तासाच्या व्याख्यानाने आठ आठवड्यांचे काम होईल अशी अपेक्षा तर अजिबातच ठेवू नये.

इथपर्यंत बोललो ते निरोगी विद्यार्थ्याच्या ताणाबद्दल. आजार ही वेगळी गोष्ट आहे आणि न्यायालयाच्या आदेशाचा गाभा तिथे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, ही संख्या १३,०४४ होती. त्यात सर्वाधिक १,७६४ महाराष्ट्रातले. परीक्षेतील अपयश हे कारण २०२२ मध्ये पोलिसांनी २,२४८ मृत्यूंपुढे नोंदवले. कारणाच्या रकान्यात एकच शब्द भरावा लागतो, आयुष्य तसे नसते, हे मान्य करूनही एक गोष्ट दिसते : विद्यार्थ्यांच्या बहुसंख्य मृत्यूंमागे निकाल हे नोंदवलेले कारण नाही. घर, नाती, पैसा, आजार, जातीवरून किंवा भाषेवरून होणारा अपमान, या साऱ्यांचा भार घेऊन मूल वर्गात येते. गुण घसरणे हे कित्येकदा कारण नसून आत काहीतरी बिनसल्याची पहिली उघड खूण असते. वर्गशिक्षक आणि आईवडील यांनी ती खूण म्हणूनच वाचायला हवी.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांबाबत अहवाल दिला. ऑनलाइन पाहणीत उत्तर देणाऱ्या सुमारे साडेपंचवीस हजार पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. उत्तरे स्वेच्छेने आलेली असल्याने हा आकडा सगळ्यांना तसाच लावता येणार नाही. शिफारशी मात्र बोलक्या आहेत. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे आणि त्यांना रोज सात ते आठ तास झोप मिळावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे मनाच्या आजारांचा विचार करायला बसलेल्या डॉक्टरांनीसुद्धा घड्याळाकडेच बोट दाखवले.

समुपदेशक नेमायचा म्हटले तरी तो आणायचा कुठून, हा प्रश्न आहेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे आढळले होते. मनुष्यबळ थोडे आहे. त्यामुळे कुठल्याशा प्राध्यापकांना 'समुपदेशन कक्ष प्रमुख' अशी पाटी देऊन कागद पूर्ण करण्याचा मोह सगळीकडे होणार. तो टाळायला हवा. ज्यांच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्यांच्यासमोर कोणते मूल घरचे दुःख मोकळे करील? पनवेल परिसरात महाविद्यालये एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. तीन-चार संस्थांनी मिळून दोन पूर्णवेळ प्रशिक्षित माणसे नेमली आणि वार लावून घेतले, तर मोठ्या संस्थांना पूर्णवेळ मनुष्य मिळेपर्यंत निदान सुरुवात होईल. लहान संस्थांसाठी तर न्यायालयाने बाहेरच्या तज्ज्ञांची वाट मोकळीच ठेवली आहे. प्रवेशाच्या वेळी फीची पावती घेताना पालकांनी एवढे विचारावे : समुपदेशक कोण, कोणत्या खोलीत बसतात, कोणत्या वारी, आणि त्यांच्याकडे जायला कुणाची चिठ्ठी लागते का?

आणि केव्हा जायचे? परीक्षा जवळ आली की धडधड होणे, चिडचिड होणे, एखाद-दोन रात्री झोप न लागणे हे ताणाचे नेहमीचे वागणे आहे. परीक्षा संपली की ते ओसरते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहिले, आवडत्या गोष्टींतही गोडी उरली नाही, झोप आणि भूक बिघडली, मित्रांचे फोन घेणे बंद झाले, 'माझा कुणाला उपयोग नाही' किंवा 'मी नसतो तर बरे' असे बोलणे येऊ लागले, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. शेवटचे वाक्य कानावर पडले तर त्याच दिवशी, त्या मुलाला एकटे न सोडता, डॉक्टरांकडे जावे. असे विचार मनात येतात का, हे थेट विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट कुणीतरी विचारले याने बोलायची वाट मिळते. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे. तो चोवीस तास विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. न्यायालयाने हेल्पलाइन ठळकपणे लावायला सांगितली आहे, तेव्हा हा क्रमांक डिफॉल्टर लिस्ट जिथे चिकटवतात त्याच फलकावर, तिच्या शेजारी लावावा. तिथे प्रत्येक मुलाची नजर जाते.